टाकी भरली की बंद पडणारी जीप

पौडला रस्त्याच्या कडेला माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार लाकडी खांबांवर टाकलेले पत्रे आणि खाली गाडीच्या पोटात शिरायला खणलेला खड्डा. सत्तरच्या दशकात मुळशीत गाड्या मोजक्याच होत्या. एसटी सोडली तर काही जीपगाड्या, चार-दोन ट्रॅक्टर, आणि रविवारी धरण बघायला येणाऱ्या पुण्याच्या लोकांच्या मोटारी. त्यांतलं काही बिघडलं की ते ढकलत माझ्याकडेच आणावं लागे. पुण्यात एका मोठ्या गॅरेजात सात वर्षं काढून मी गावाकडं परतलो होतो आणि मला माझ्या पारखीचा गर्व होता. सायलेन्सरमधून काळा धूर आला की पेट्रोल जास्त जातंय, निळा आला की ऑइल जळतंय. प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग बघितला की इंजिनाच्या आत काय चाललंय ते मी सांगायचो. "मिस्त्रीनं सांगितलं म्हंजी झालं," असं लोक म्हणत. हळूहळू मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

कोळवण खोऱ्यात एका संस्थेचा छोटा दवाखाना होता. तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या, तिशीतल्या, पुण्याहून येऊन एकट्याच राहणाऱ्या. दवाखान्याची एक जुनी पेट्रोलची जीप होती आणि ती चालवायला एक ड्रायव्हर. ते जवळच्याच गावच्या बौद्धवस्तीतले. लष्करात पंधरा वर्षं ट्रक चालवून आलेले, खाकी शर्ट कायम इस्त्रीचा, बोलणं कमी. वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. तरी मी त्यांना अरे-तुरे करायचो आणि ते मला 'तुमी' म्हणायचे. आमच्याकडे तेव्हा तसंच चाले, आणि त्यात काही वावगं आहे असं माझ्या मनातही येत नसे. आज लिहिताना मी 'ते' लिहितोय, पण तेव्हा तोंडात 'तू'च होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

एका हिवाळ्यात बाई स्वतः जीप घेऊन आल्या.

"मिस्त्री, गाडीत पेट्रोलचा इतका वास येतो की पेशंट ओकतात हो. बाळंतिणीला न्यायचं तर तिचं निम्मं बळ त्यातच जातं. काहीतरी करा."

त्या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच होती. मी बघितलं. टाकीच्या झाकणाच्या आतलं पॅकिंग झिजून गेलं होतं. खड्ड्यांतून गाडी उसळली की पेट्रोल झाकणातून बाहेर यायचं आणि त्याची वाफ गाडीभर पसरायची. नवीन पॅकिंग मिळायला पुण्याला जावं लागलं असतं. मी ट्यूबच्या जुन्या रबराची एक गोल चकती कापली, झाकणात दाबून बसवली आणि झाकण फिरवून घट्ट केलं. वास गेला. बाईंनी दोनदा आभार मानले. पाच मिनिटांचं काम होतं, मी विसरूनही गेलो.

होळीच्या सुमाराला ड्रायव्हर आले.

"मिस्त्री, गाडी मधीच जीव सोडतीया. धा-पंधरा मैल गेलं की धक्के खाती आन बंद. जरा थांबलं की परत चालू, जणू काय झालंच न्हाई."

मी कार्बोरेटर उघडला, जेट फुंकून साफ केले, फिल्टर धुतला. पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा बघितला, चांगला होता. ठिणगी देणारे पॉइंट घासले. पौडच्या पुलापर्यंत गाडी पळवून आणली. इंजिन शिलाई मशीनसारखं चाललं. आठ दिवसांनी ते पुन्हा आले. तीच तक्रार. मी पुन्हा सगळं उघडलं, पुन्हा काही सापडलं नाही. तिसऱ्या वेळी एप्रिल लागला होता आणि ऊन तापलं होतं, तेव्हा मी निकाल दिला: उन्हानं आणि इंजिनाच्या आचेनं नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढत बसतो, पेट्रोल येत नाही. हा दोष त्या काळात गाड्यांना खरोखरच व्हायचा. त्याला उपायही ठरलेला होता.

"पंपावर ओलं फडकं टाकायचं," मी सांगितलं. "गाडीत पाण्याची बाटली ठेव. बंद पडली की फडकं भिजवायचं, पंधरा मिनिटं थांबायचं."

ते उभेच राहिले. मग म्हणाले, "एक बोलू का, मिस्त्री? टाकी फुल भरली की लवकर बंद पडतीया. अर्ध्या टाकीवर लई लांब जाती. आन मी टाकीत काठी घालून पेट्रोल किती हाय बघाया झाकण उघाडलं, की लगीच चालू हुती. फडक्याची गरजच न्हाई पडत."

शेजारच्या चहाच्या टपरीवर चार-पाच जण बसलेले होते. मी त्यांच्याकडं बघून म्हणालो, "पेट्रोल भरल्यावर बंद पडणारी गाडी मी पहिल्यांदाच ऐकली. जेवण झाल्यावर झोप येत असंल तिला."

सगळे हसले. ड्रायव्हर हसले नाहीत. त्यांनी पाण्याची बाटली भरून घेतली आणि गेले.

ओलं फडकं टाकल्यावर गाडी चालू होत होती, म्हणजे माझं बरोबर होतं. मी एवढाच विचार केला. फडकं टाकून जी पंधरा मिनिटं थांबावं लागतं, त्या थांबण्यानंच ती चालू होत असेल, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही.

त्याच महिन्यात कुणीतरी संस्थेच्या पुण्याच्या चिटणीसांच्या कानावर घातलं की तुमचा ड्रायव्हर रस्त्यात गाडी थांबवून टाकी उघडत असतो. टाकी उघडतो म्हणजे पेट्रोल काढत असणार, असा सरळ अर्थ लावला गेला. चिटणीस माझ्या गॅरेजवर आले. सभ्य गृहस्थ होते, गाडीतून उतरून माझ्याशी उभ्यानं बोलले.

"मिस्त्री, स्पष्ट सांगा. गाडीत दोष आहे का?"

मी तीन वेळा ती गाडी उघडली होती. दोष सापडला नाही असं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "गाडीत काही दोष नाही. उन्हाचा थोडा त्रास आहे, त्याला उपाय दिलाय. बाकी चालवणाऱ्यावर असतं."

शेवटचं वाक्य मी का बोललो ते मला आजही नीट सांगता येत नाही. मोठ्या माणसापुढं आपली बाजू राखायची एवढंच त्यात होतं. दुसऱ्याच दिवशी ड्रायव्हरना तंबी मिळाली की रस्त्यात टाकीच्या झाकणाला हात लावायचा नाही.

एप्रिल संपता संपता एके दिवशी दुपारी दवाखान्यात एका वाडीवरून एक मुलगी बाळंतपणासाठी आणली. पहिलटकरीण, अठरा-एकोणीस वर्षांची, दोन दिवसांपासून अडलेली. घरच्यांनी आधी वाट बघितली आणि मग झोळीत घालून डोंगर उतरवून आणली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि पुण्याला न्यायचं ठरवलं. लांबचा रस्ता, म्हणून दवाखान्यात राखून ठेवलेला पेट्रोलचा डबा टाकीत ओतून टाकी काठोकाठ भरून घेतली. मागं ती मुलगी, तिची सासू आणि डॉक्टरीणबाई. पुढं ड्रायव्हर.

ही पुढची हकिकत मला नंतर बाईंकडून कळली. पौड सोडल्यावर थोड्याच वेळात जीप बंद पडली. फडकं भिजवलं, थांबले, चालू झाली. पिरंगुटच्या घाटात चढावर पुन्हा बंद. ऊन मी म्हणत होतं. ड्रायव्हरनी बाईंना विचारलं, "बाई, झाकण उघडू का? लगीच चालू हुईल."

बाई म्हणाल्या, "नको. तुम्हाला मनाई आहे ना? मिस्त्रींनी सांगितलंय तसं करा."

त्यांनी तसं केलं. पंधरा मिनिटं गेली. गाडी सुरू होऊन शंभर पावलं चढली आणि पुन्हा बसली. आत ती मुलगी सासूचा हात धरून कण्हत होती. पुन्हा फडकं, पुन्हा थांबणं. शेवटी खालून येणाऱ्या एका रिकाम्या ट्रकपुढं ड्रायव्हर आडवे उभे राहिले. गाडीतल्या चादरीवर तिला उचलून ट्रकमध्ये घातलं.

पुण्याच्या दवाखान्यात मुलगी वाचली. मूल मेलेलं जन्माला आलं. मुलगा होता.

गाडीत दोष नाही म्हणजे चूक चालवणाऱ्याचीच, असं धरून संस्थेनं ड्रायव्हरना काढून टाकलं. वाडीवरची माणसं त्यांच्या दारात जाऊन नको नको ते बोलून आली. मी हे ऐकलं आणि गप्प बसलो. नवा ड्रायव्हर मिळेपर्यंत जीप तुम्ही चालवा, असा निरोप चिटणीसांकडून आला. मी गॅरेज अर्धा दिवस बंद ठेवून जायला लागलो.

चौथ्या की पाचव्या दिवशी दवाखान्याची औषधं आणायला मी सकाळी लवकर पुण्याला निघालो. आदल्या दिवशी टाकी भरलेली होती. भरे गावाच्या अलीकडं जीपनं दोन धक्के खाल्ले आणि ती बंद पडली.

सकाळचे सात वाजले होते. हवेत गारवा होता. बॉनेट उघडून पंपाला हात लावला, कोमट होता. वाफ होण्याचा प्रश्नच नव्हता. कार्बोरेटरकडं जाणारी नळी सोडली आणि हातानं पंपाची दांडी मारून बघितली. नळीतून पेट्रोलचा थेंब येईना. पंप चांगला, नळी मोकळी, टाकी भरलेली. मग पेट्रोल येत का नाही? मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो. तिथं कुणी नव्हतं, त्यामुळं हुशारी दाखवायचीही सोय नव्हती. तेव्हा मला त्या माणसाचं बोलणं पहिल्यांदा नीट ऐकू आलं. टाकी भरली की लवकर. झाकण उघडलं की लगेच.

मी उठलो आणि टाकीचं झाकण फिरवलं. ते सहज सुटेना. जोर लावला तेव्हा सुटलं, आणि बाहेरची हवा फुस्स करून आत ओढली गेली.

मी झाकण उलटं केलं. त्याच्या मधोमध एक बारीक भोक असतं. इंजिन जसजसं पेट्रोल ओढतं तसतशी तेवढी हवा त्या भोकातून टाकीत यावी लागते. नाहीतर आत पोकळी होते आणि पंपानं कितीही ओढलं तरी पेट्रोल पुढं सरकत नाही. टाकी भरलेली असली की वर हवेला जागा थोडी, म्हणून पोकळी लवकर तयार होते. थोडा वेळ थांबलं की कुठून तरी थोडी हवा झिरपते आणि गाडी पुन्हा चालते. हे सगळं मला शिकवलेलं होतं, मी इतरांना सांगितलेलंही होतं. मी पॅकिंग कापताना मध्ये मोकळी अशी कडी कापायला हवी होती. मी अख्खी चकती कापली होती. सुरुवातीला ती सैल होती, कडेनं हवा जात होती. दोन महिने पेट्रोलमध्ये राहून ट्यूबचं रबर फुगलं आणि ते भोक त्यानं पुरतं बुजवलं.

खिशात चाकू होता. मी चकतीचा मधला भाग कापून काढला, झाकण लावलं, गाडी चालू केली. पुण्याला जाऊन औषधं घेऊन परत आलो. जीप एकदाही थांबली नाही.

मी तीन दिवस कुणाला काही बोललो नाही. बायकोनं विचारलं, जेवण का जात नाही, तर उन्हाचं नाव सांगितलं. गाडी दुरुस्त झाली होती. मी गप्प राहिलो असतो तर कुणाला कधीच कळलं नसतं. हा विचार माझ्या मनात आला होता, आणि एकदाच नाही, पुन्हा पुन्हा आला होता. चौथ्या दिवशी सकाळी मी झाकणातून कापलेला तुकडा कागदात गुंडाळून घेतला आणि ड्रायव्हरांच्या गावी गेलो.

ते घर शाकारत होते. वर चढून कौलं बसवत होते, खाली त्यांची बायको एकेक कौल हातात देत होती. मला बघून ती थांबली, पण कुणी 'या' म्हणालं नाही. ते खाली उतरले. मी तुकडा त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. मध्येच माझ्या तोंडून 'तुमी' निघत होतं, हे मला बोलताबोलता जाणवलं.

त्यांनी तुकडा उलटसुलट करून बघितला.

"मी म्हनलो हुतो तुमाला," ते म्हणाले.

"व्हय. म्हणाला होता."

"टपरीवर सगळी हसली."

त्यांनी तुकडा मुठीत धरला.

"पोरगी वरडत हुती मागं," ते म्हणाले. "झाकण माझ्या हाताखाली हुतं, मिस्त्री. सीटच्या बाजूला. लष्करात हुकूम मानायची सवय लागली, ती लई वाईट. उघडाया पायजे हुतं मी."

"तुमचं काही चुकलं नाही," मी म्हणालो.

"ते तुमी मला नका सांगू. ज्यांनी मला चोर म्हनलं त्यांना जाऊन सांगा." तुकडा त्यांनी मला परत दिला आणि ते पुन्हा वर चढले.

मी तिथून सरळ दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं. माझ्यावर ओरडतील असं मला वाटलं होतं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "त्यांनी मला विचारलं होतं. मी नको म्हणाले."

मी विचारलं, "बाई, वेळेवर पोचली असती तर मूल वाचलं असतं का?"

"दोन दिवस अडली होती ती," त्या म्हणाल्या. "वाचलं असतं असं मी सांगू शकत नाही. वाचलं नसतं असंही सांगू शकत नाही. तुम्हाला कुठलंही एक उत्तर दिलं तर ते खोटं होईल."

त्यांनी त्याच दिवशी संस्थेला पत्र लिहिलं. खाली मीही लिहून दिलं की दोष माझ्या कामाचा होता आणि ड्रायव्हरनी तो मला आधीच दाखवून दिला होता. चिटणीस मला पुन्हा भेटले नाहीत. जीप मात्र माझ्याकडं दुरुस्तीला येणं बंद झालं, ते बरोबरच होतं.

वाडीवर मी एकटाच गेलो. बाई येते म्हणाल्या होत्या, पण मी नको म्हणालो. डोंगर चढून गेलो तेव्हा ती सासू अंगणात नाचणी पाखडत होती. मी कोण ते सांगितलं, काय झालं ते सांगितलं. तिला टाकी, हवा, पंप यातलं काही कळलं नसावं. पण ड्रायव्हरचा दोष नव्हता एवढं तिला कळलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"आमी त्याच्या दारात जाऊन थुंकून आलो रं," ती म्हणाली. "त्याची बायकू उंबऱ्यात उभी हुती. आता त्यास्नी काय तोंड दाखवू?"

तेवढ्यात ती मुलगी आतून बाहेर आली. अंगावर शाल होती, भर उन्हाळ्यात. ती दारातच उभी राहून ऐकत असावी.

"भोक केवढं असतंय?" तिनं मला विचारलं.

मी करंगळीच्या टोकावर नखानं दाखवलं. तिनं वाकून बघितलं, माझ्या बोटाकडं बराच वेळ बघत राहिली आणि आत गेली. सासूनं मला पाणीसुद्धा विचारलं नाही. मी खाली उतरलो. वाटेत एका आंब्याखाली बसून मी रडलो, ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

संस्थेनं ड्रायव्हरना परत बोलावलं. ते लगेच गेले नाहीत. चोरीचा आरोप खोटा होता असं लेखी द्या म्हणाले, आणि ते कागदावर आल्यावरच जीपवर बसले. पुढं ते बरीच वर्षं ती गाडी चालवत होते. दवाखान्यात दुसरी, डिझेलची जीप आली तेव्हाही तेच होते. माझ्याकडं कधी आले नाहीत. रस्त्यात भेट झाली की मान हलवत. मी त्यांना दादा म्हणायला लागलो होतो. त्यांनी मला शेवटपर्यंत 'मिस्त्री'च म्हटलं.

वाडीवरची माणसं त्यांच्याकडं गेली की नाही, हे मला माहीत नाही. विचारायचा मला अधिकार नव्हता.

गॅरेज मी आणखी वीस वर्षं चालवलं. गाडी आली की चालवणाऱ्याला आधी बसवून घ्यायचो, त्याचं सगळं बोलणं संपेपर्यंत पान्याला हात लावायचो नाही. काही जण कंटाळायचे. एकदा एक शहरी गृहस्थ वैतागून म्हणाले, "अहो मिस्त्री, मी साक्ष द्यायला आलो नाही, गाडी बघा." त्यांनाही मी बोलायला लावलं.

वाडीवरची ती मुलगी मला नंतर एकदाच दिसली, ऐंशीनंतर कधीतरी, पौडच्या एसटी थांब्यावर. कडेवर एक पोर होतं, दुसरं पदराला धरून उभं. तिनं मला ओळखलं. मी पुढं होऊन काही बोलावं की नाही या विचारात असतानाच कोळवणची गाडी आली. तिनं मोठ्या मुलाला आधी वर चढवलं, मग स्वतः चढली आणि खिडकीजवळची जागा धरली. गाडी सुटेपर्यंत ती समोर बघत बसली होती.